तपासायचं राहिलेलं ड्रॉइंग

दोन महिने रोज सकाळी पावणेनऊला मी आमच्या कॉम्प्युटरशी खोटं बोलत होते. चालू केला रे केला की तो आधी एक निळी चौकट दाखवून मला दम द्यायचा. तुमची सिस्टीम जुनी झाली आहे, लवकरच तिला संरक्षण मिळणं बंद होईल, नवीन सिस्टीम तयार आहे. खाली दोन बटणं. 'आता करा' आणि 'नंतर आठवण करा'. मी 'नंतर' दाबायचे. तोही बिचारा दुसऱ्या दिवशी नेमानं आठवण करायचा. आमच्या घरात आठवण म्हणून जे काही शाबूत होतं ते त्या डब्याकडेच होतं.

ती चौकट नऊच्या आत घालवणं भाग होतं, कारण नऊला हे येऊन बसत. चौकट दिसली की ह्यांचा हात अधांतरी थांबायचा आणि मग सगळी सकाळ वाया.

हे म्हणजे माझा नवरा. छत्तीस वर्षं लिफ्टच्या कंपनीत ड्राफ्ट्समन. इमारतीत लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून खालीवर करते, तिची ड्रॉइंग काढणं हे ह्यांचं काम. खाली खड्डा किती, मजल्यामजल्यात अंतर किती, वर मोकळी जागा किती. ऑफिसात ह्यांना मिलिमीटर म्हणत. उगाच नाही म्हणत. घरी आलेल्या पाहुण्याची खुर्ची भिंतीला समांतर नसेल तर हे पाहुण्याला उठवून ती सरळ करायचे आणि मग पाणी द्यायचे.

तीन वर्षांपूर्वी विसरायला लागले. आधी घरचा रस्ता, मग उघडा नळ, मग लेकीचं नाव. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ते मी घेत नाही. त्याला नावानं हाक मारण्याएवढी आमची ओळख वाढवायची नाही मला.

पण नऊ ते एक हे कामावर असत. मागच्या खोलीत खिडकीखाली टेबल, टेबलाखाली करड्या रंगाचा डबा, त्याच्या पाठीत खोचलेली एक बोटभर चावी, जिच्याशिवाय ड्रॉइंगचा प्रोग्रॅम उघडत नाही. ती चावी आणि तो प्रोग्रॅम निवृत्त होताना ऑफिसनं ह्यांना देऊन टाकला होता, कारण तिथे कुणालाच तो नको होता. ह्यांना विचारलं असतं, प्रोग्रॅम कसा उघडायचा, तर सांगता आलं नसतं. हाताला मात्र पाठ होतं. डावा कोपरा, वरून तिसरं चित्र, दोनदा टिचकी. स्वयंपाकघरात मला माउसचा आवाज यायचा. एक वाजला की हे कॉम्प्युटरचा पडदा बंद करत, हात धुवून जेवायला येत. त्या चार तासांत हे आजारी नसत, आणि खरं सांगायचं तर त्या चार तासांत मी नर्स नसे. भाजी निवडत बसे, नाहीतर नुसतीच बसे.

लोक विचारतात, तुम्हाला कसं वाटतं हो. काही वाटत नाही. दाताच्या डॉक्टरनं भूल दिल्यावर ओठ जागेवर आहे का हे बोट लावून बघावं लागतं, तसं झालंय माझं. बोट लावून बघते, ओठ असतो. मग कामाला लागते.

लेक दुसऱ्या गावी असते. ती रोज संध्याकाळी फोन करते आणि मला सुधारते.

"आई, केलंस का ते अपग्रेड?"

"बघते."

"दोन महिने बघतेयस. एक तारखेला वर्ग सुरू होतोय. पहिल्या दिवशी बाबा दिसले नाहीत तर ती जागा दुसऱ्याला देतील. किती महिने थांबलोय आपण त्या जागेसाठी, माहितेय ना?"

माहीत होतं. स्मृतीच्या दवाखान्याचा वर्ग होता तो, आठवड्यातून दोनदा, पडद्यावर. एक बाई चित्रं दाखवते, गाणी लावते, नावं विचारते, आणि म्हणे त्यानं विसरण्याचा वेग जरा कमी होतो. सगळ्यांचा नाही, काहींचा. पण वर्गाचा प्रोग्रॅम आमच्या जुन्या सिस्टीमवर उघडायला तयार नव्हता. आणि नवीन सिस्टीम टाकली तर ह्यांचा ड्रॉइंगचा प्रोग्रॅम चालणार नव्हता. तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करणार.

"मग वर्गापुरतं दुसरं काहीतरी आण," मी म्हणाले.

"आणलं होतं की मी. त्याचं काय झालं?"

तेही खरं. मागच्या वेळी आली तेव्हा तिनं पाटीएवढा टॅब्लेट आणला होता. ह्यांनी तो उलटसुलट बघितला, हा कुणाच्या नावावर आहे, सही कुठे करायची, विचारलं, आणि सहीची वही काही निघेना म्हणून तो टॉवेलांच्या खाली नेऊन ठेवला. कंपनीची वस्तू, हरवायला नको. दोन दिवसांनी आम्हाला सापडला. परत काढला, परत टॉवेलांखाली गेला. शेवटी लेकीनं हात टेकले. दवाखान्यातली बाईही म्हणाली, जिथे त्यांना आपणहून बसायची सवय आहे तिथेच बसवा, नवीन जागा, नवीन वस्तू नको. म्हणजे तीच खुर्ची, तेच टेबल, तोच डबा.

"आई, तू त्यांचं ड्रॉइंग जपतेयस, पण त्यापायी जे वाचवता येईल ते घालवतेयस," लेक म्हणाली. "ते काय काढतात तिथे बसून? कुठे बांधणार आहेत त्या लिफ्ट?"

"तुझ्या ऑफिसातले कागद तरी कुठे बांधतात?" मी म्हणाले.

तिनं ते सोडून दिलं. मग म्हणाली, "निदान दुरुस्तीवाल्याला तरी बोलाव."

त्याला बोलावलं. चौकापलीकडे त्याचं दुकान आहे. पन्नाशीचा गृहस्थ, चष्मा कायम कपाळावर, आणि काहीही विचारलं तरी "बघू" म्हणतो, म्हणून मी त्याला बघूवाला म्हणते. तोंडावर नाही. तो दुपारी आला. हे आत झोपले होते.

त्यानं डबा पुढे ओढला, झाकण काढलं, धूळ फुंकली आणि म्हणाला, "काकू, डबा म्हातारा आहे, पण ठणठणीत आहे. नवीन सिस्टीम बसेल."

"आणि जुनी? दोन्ही नाही राहायच्या?"

"बघू." त्यानं चष्मा खाली घेतला, जरा वेळ पडद्यात डोकावला. "नाही हो. एवढी जागा नाही ह्याच्यात. आणि खोटं कशाला सांगू, दोन्ही ठेवल्या तर चालू करताना रोज विचारणार, कुठली हवी. काकांना ते जमेल का?"

नाही जमणार.

"मग तुम्हीच ठरवा. इंटरनेट काढून टाकलं तर जुनीच सिस्टीम वर्षानुवर्षं चालेल. वर्ग मात्र नाही. नवीन घातली तर वर्ग चालेल, ते ड्रॉइंग नाही. मधलं काही नाही." आणि पहिल्यांदाच तो बघू म्हणाला नाही.

 तो म्हणाला, "तोवर काकांची कामं तरी बाजूला काढून ठेवतो. काहीही ठरलं तरी ती जायला नकोत." आणि त्यानं ह्यांचं खातं उघडलं.

ड्रॉइंगना नावं नव्हती, नुसते आकडे. एक, दोन, तीन. निवृत्तीनंतर रोज एक याप्रमाणे नव्हे, पण आठवड्याला तीन-चार तरी. बघूवाला खाली खाली जात राहिला आणि थांबला.

"काकू, काका रोज बसतात म्हणालात ना?"

"रोज. एक दिवस चुकत नाही."

"चारशे बारा ड्रॉइंग आहेत. चारशे बारावं सुरू केलंय आठ महिन्यांपूर्वी." त्यानं बोट ठेवलं. "त्यानंतर नवीन एकही नाही. आणि हे चारशे बारा काल दुपारी एकला दोन मिनिटं कमी असताना सेव्ह केलंय. परवाही तसंच केलं असणार. रोज हेच उघडतायत."

मी त्याच्या मागे येऊन उभी राहिले. 

"चारशे अकरा उघडून दाखवा," मी म्हणाले.

त्यानं दाखवलं. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात चौकट असते. 'काढले' असं लिहून पुढे ह्यांच्या नावाची दोन अक्षरं. 'तपासले' असं लिहून पुढे माझी दोन अक्षरं. मग त्यानं चारशे बारा उघडलं. 'काढले' पुढे ह्यांची अक्षरं होती. 'तपासले' पुढची जागा मोकळी.

"तपासायचं राहिलंय वाटतं," बघूवाला म्हणाला.

मी त्याला चहा करते म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले.

हे सांगायला हवं, नाहीतर कळणार नाही. ह्यांच्या धंद्यात आपलं ड्रॉइंग आपण तपासत नाही. हे म्हणायचे, ते म्हणजे आपल्या पाठीला आपणच मलम लावण्यासारखं, लागतं तिथे लागतच नाही. लग्न झालं तेव्हा हे जास्तीची कामं घरी आणत, फळीवर कागद ताणून रात्रंदिवस रेघा ओढत, आणि तपासायला घरात मी एकटी. मला फक्त बेरीज येत होती. हे म्हणाले, बेरीजच हवी. खड्डा अधिक सगळे मजले अधिक वरची मोकळी जागा, ही बेरीज एकूण उंचीशी जुळली पाहिजे. जुळली की तुझी दोन अक्षरं घाल. नाही जुळली तर लाल पेन्सिलीनं गोल कर आणि परत दे. मी गोल केले की हे भांडायचे, आणि मग गुपचूप खोडायचे. आमचं लग्न असं जुळत गेलं, बेरजेबेरजेनं.

तपासणीचे दोन नियम होते. तपासायला ठेवलेलं ड्रॉइंग सुटेपर्यंत, म्हणजे पास होईपर्यंत, दुसरं सुरू करायचं नाही. आणि तपासणाऱ्याला कधीही, काहीही झालं तरी, विचारायचं नाही की झालं का. घाई केली की तपासणी होत नाही, नुसती सही होते, असं ह्यांचं म्हणणं. कागद ठेवायचा आणि बाजूला व्हायचं.

निवृत्तीनंतर कॉम्प्युटरवरही तेच चाललं. हे आजारी पडल्यावरही. एक वाजता हे हात धुवायला उठले की मी त्या खुर्चीत बसायचे, बेरीज करायचे, दोन अक्षरं टाकायचे. दहा मिनिटांचं काम.

आठ महिन्यांपूर्वी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांत थेंब, काळा चष्मा, महिनाभर पडद्यासमोर जायचं नाही. लेक येऊन राहिली, गेली. डोळा बरा झाला. आणि मी परत त्या खुर्चीत बसलेच नाही. विसरले म्हणू? विसरायचा मान ह्या घरात ह्यांचा आहे. मला कंटाळा आला होता. ती दहा मिनिटंही मला माझी हवी होती. आतून माउसचा आवाज येत होता, मी धरून चालले की हे पुढची पुढची ड्रॉइंग काढतायत. ह्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. आठ महिने हे रोज नऊला येत होते, तेच ड्रॉइंग उघडत होते, मोकळी चौकट बघत होते, जवळ आणून, लांब नेऊन, आणि एकला बंद करून माझ्या समोर जेवायला बसत होते. माझं नाव कधी कधी आठवत नव्हतं. तो नियम आठवत होता.

चहा घेऊन बाहेर आले. बघूवाल्याला म्हणाले, "दोन दिवस द्या मला. कळवते."

"बघा," तो म्हणाला, आणि चहा बशीत ओतून प्यायला.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला मी हात पुसून मागच्या खोलीत गेले. ह्यांनी मान वर केली. मी म्हणाले, "तपासायला आलेय."

हे लगेच उठले. इतक्या लगेच, की खुर्ची मागे भिंतीला लागली. ती त्यांनी सरळ केली, समांतर, आणि हाताने दाखवलं, बसा.

"बसा तुम्ही," म्हणाले. "वेळ घ्या. घाई नाही."

पूर्वीही तपासताना हे मला तुम्ही म्हणायचे, थट्टेनं, तपासनीसबाई म्हणायचे. एरवी अगंतुगं. तेव्हा हे थट्टा करतायत की मी कोण हे कळत नाहीये, ते मला समजेना. मी तोंडाकडे बघितलं. तोंडावर काहीच नव्हतं. पाठीमागे हात बांधून हे खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, कागद ठेवून बाजूला झालेल्या माणसासारखे.

मी चष्मा लावला. तळमजला आणि वर सात मजले, असं वर लिहिलेलं. खड्डा पंधराशे मिलिमीटर. एका मजल्यापासून वरच्या मजल्यापर्यंत अंतर तीन तीन हजार. वर मोकळी जागा बेचाळीसशे. एकूण सव्वीस हजार सातशे. मी पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले. बेरीज आली तेवीस हजार सातशे. परत केली. परत तेवीस हजार सातशे. तीन हजार कमी. मग मजल्यांवरून बोट फिरवत वर गेले. तळ, एक, दोन, तीन, चार, सहा, सात.

पाचवा मजला नव्हता.

मिलिमीटर म्हणायचे ह्यांना. दोन मिलिमीटर चुकले तर जेवायचे नाहीत. आणि अख्खा मजला गेला होता, माणसं, दारं, खिडक्यांसकट, आणि ह्यांना दिसला नव्हता. आठ महिने रोज चार तास बघून दिसला नव्हता.

नियम सरळ होता. लाल गोल करायचा आणि परत द्यायचं. प्रोग्रॅममध्ये लाल गोल करता येतो, मला येतो. मी माउस लाल रंगावर नेलासुद्धा.

पण मग काय होणार ते मला दिसलं. आदल्या आठवड्यात शर्टाचं एक बटण राहिलं होतं. मी म्हणाले, अहो, एक बटण राहिलं. हे शोधायला लागले. खालून वर, वरून खाली, सगळी बटणं काढून पुन्हा लावली, पुन्हा एक राहिलं, आणि मग पलंगावर बसून रडले. साठी कधीच ओलांडलेला माणूस बटणासाठी रडतो तेव्हा कुठे बघायचं हे कुणी शिकवत नाही. ज्याला बटण सापडत नाही त्याला मी मजला शोधायला सांगू? माझ्यानं नाही होणार म्हटलं. खिडकीपाशी हे उभे होते, एकदाही वळून बघत नव्हते. किती शहाण्यासारखे थांबले होते.

मी 'तपासले' पुढे माझी दोन अक्षरं टाकली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी चुकीचं ड्रॉइंग सोडलं.

"झालं," मी म्हणाले. "बरोबर आहे."

हे आले, वाकून चौकट बघितली. माझ्या अक्षरांवर काचेवरूनच बोट फिरवलं. आणि असा श्वास सोडला, असा, की मला वाटलं आता काहीतरी आठवणार ह्यांना, काहीतरी बोलतील. बोलले.

"सुटलो," म्हणाले. "हेच तेवढं राहिलं होतं."

मग ह्यांनी पडदा बंद केला. माउस रुमालानं पुसला. पट्टी, पेन्सिल, चष्म्याचं घर, सगळं उचललं आणि खणात नीट लावून ठेवलं. हे रोज करत नसत. मी म्हणाले, "उद्याला ठेवा की बाहेर."

"उद्या कशाला?" हे म्हणाले. "संपलं ना काम."

दुसऱ्या दिवशी नऊला हे आले नाहीत. मी हात धरून आणलं. खुर्चीत बसले, पाहुण्यासारखे, कडेला, हात मांडीवर. मी प्रोग्रॅम उघडून दिला, कोरं पान समोर आणलं. म्हणाले, "छान आहे," आणि पाच मिनिटांनी उठून माझ्या मागे स्वयंपाकघरात आले. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मी चारशे बारा उघडून, माझी अक्षरं पुसून, चौकट मोकळी करून ठेवली. लाज सोडली म्हणा. हे बघून म्हणाले, "हे झालंय तपासून," आणि उठले. सकाळची गोळी घेतली की नाही ते ह्यांना सांगता येत नव्हतं, पण हे झालंय ते बरोबर ठाऊक होतं.

तेव्हा मला कळलं की हे कामावर येत होते ते काम येत होतं म्हणून नाही. नवीन ड्रॉइंग काढणं आठ महिन्यांपूर्वीच सरलं असणार. काहीतरी अजून आपल्याकडे परत यायचंय, कुणीतरी तपासायचंय, तोवर जागा सोडायची नाही, एवढ्यावर हे रोज उठत होते, दाढी करत होते, नऊला बसत होते. माझा आळस ह्यांना धरून होता. आणि मला दया आली.

पाचव्या दिवशी मी बघूवाल्याला फोन केला. म्हणाले, घाला नवीन.

"ठरलं का?" त्यानं विचारलं.

"ठरलं," मी म्हणाले. आता ठरवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं, पण फोनवर एवढं कोण सांगत बसतं.

अडीच तास लागले. पडद्यावर आकडे चढत गेले, बारा टक्के, चाळीस टक्के. हे आले, उभ्या उभ्या ते बघत राहिले, मग लांब जाऊन बसले. बघूवाल्यानं डब्याच्या पाठीतली चावी काढून माझ्या हातावर ठेवली. मी ती ओट्यावरच्या एका डब्यात टाकली, कुठल्या ते आता आठवतही नाही. नवीन पडदा झकपक होता. बटणं डाव्या कोपऱ्यातून उठून मधोमध येऊन बसली होती. ज्यांच्यासाठी मी दोन महिने कोपरा राखला होता त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

एक तारखेला सकाळी दहाला वर्ग. मी ह्यांना खुर्चीत बसवलं, शेजारी स्टूल घेऊन बसले. लेकीनंही तिच्या घरून हजेरी लावली, वरच्या कोपऱ्यातल्या चौकटीत तिचा चेहरा, हसू आवरत नव्हतं. वर्गातली बाई गोड बोलणारी होती. तिनं एकेकाला विचारलं, तुम्ही काय काम करत होता? कुणी म्हणालं शिक्षक. कुणी म्हणालं शिंपी. ह्यांची पाळी आली. हे माझ्याकडे वळले.

"मला आज काय काम आहे?" हळूच विचारलं, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"काही नाही," मी म्हणाले. "तुमचं सगळं झालं."

"सगळं?"

"सगळं. मी स्वतः तपासलंय."

हे हसले. गेल्या तीन वर्षांत असे हसले नव्हते, सगळ्या चेहऱ्यानं, आणि माझ्या हातावर थोपटून म्हणाले, "मग मी निघतो आता. तुम्ही पण निघा घरी, उशीर झाला तुम्हाला." आणि उठून दारापर्यंत गेले, तिथून बाहेर कसं जायचं ते न कळून तिथेच उभे राहिले.

मला रडू आलं. आवरलं नाही. तोंडावर हात घेतला तरी येत राहिलं, नाकातून, घशातून, आठ महिन्यांचं, तीन वर्षांचं, त्या लाल गोलाचं जो मी केला नाही. तो केला असता तर हे आत्ता ह्याच खुर्चीत बसून पाचवा मजला शोधत असते आणि मी आत भाजी निवडत असते.

पडद्यावरून लेक माझ्याकडे बघत होती. तिचेही डोळे भरले होते.

"बघ आई," ती म्हणाली, "म्हटलं होतं ना मी. बाबा किती छान हसले. उगाच दोन महिने घाबरत होतीस."

"हो गं," मी म्हणाले, आणि ह्यांना दारातून परत आणायला उठले.